शरीरातले मेदवाहक कण कर्करोगाचे औषध पेशीपर्यंत नेऊ शकतात का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईला स्तनाच्या कर्करोगासाठी पॅक्लिटॅक्सेल सुरू आहे. एलडीएल आणि एचडीएल या रक्तातल्या मेदवाहक कणांमध्ये औषध भरले तर ते थेट कर्करोगाच्या पेशीत जाते आणि दुष्परिणाम टळतात, असे वाचनात आले. हे कितपत खरे आहे, असे औषध भारतात मिळते का, आणि आई कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी घेते ती या कारणाने बंद करावी का?

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. एलडीएल किंवा एचडीएल वाहक म्हणून वापरणारे कर्करोगावरचे एकही औषध आजवर मान्यता मिळून बाजारात आलेले नाही. भारतात नाही आणि अमेरिका-युरोपातही नाही. स्टॅटिनची गोळी या कारणाने बंद करू नका. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहितो. मात्र कल्पना पोकळ नाही. मेदयुक्त औषधरूपे बनवण्याच्या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, तिच्याविषयी लिहिताना 'कर्करोगाच्या पेशी हे कण आवडीने खातात' एवढेच सांगितले जाते आणि खरी अडचण कुठे आहे ते वगळले जाते. ती अडचण कणात औषध भरण्याची नाही. भरलेले औषध वाटेत कणातच टिकवणे आणि कण यकृताच्या तावडीतून सोडवणे, या दोन ठिकाणी सगळे अडते.

पॅक्लिटॅक्सेल हेच उदाहरण घेऊ, कारण या सगळ्या संशोधनात ते पुन्हा पुन्हा येते. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नेहमीच्या इंजेक्शनात ते क्रेमोफोर नावाच्या, एरंडेल तेलावर प्रक्रिया करून बनवलेल्या द्रावकात आणि इथेनॉलमध्ये विरघळवलेले असते. सलाईन सुरू करण्याआधी तुमच्या आईला स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषध देतात, ते मुख्यतः औषधाच्या या रूपातून, त्यातही विशेषतः क्रेमोफोरमुळे, येऊ शकणारी तीव्र प्रतिक्रिया टाळण्यासाठी. म्हणजे त्रासाचा एक भाग औषधापेक्षा त्याला रक्तात नेणाऱ्या माध्यमाचा आहे. आता शरीराकडे पाहिले, तर पाण्यात न विरघळणारा पदार्थ रक्तातून सुखरूप नेण्याचा प्रश्न त्याने आधीच सोडवलेला दिसतो. कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड आणि मेदात विरघळणारी काही जीवनसत्त्वे रक्तात मोकळी फिरत नाहीत. ती लिपोप्रोटीन नावाच्या कणांतून फिरतात.

यांपैकी एलडीएलचा कण साधारण २२ नॅनोमीटर व्यासाचा असतो. त्याच्या गाभ्यात कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ल यांच्या संयुगाचे, म्हणजे कोलेस्टेरिल एस्टरचे, सुमारे दीड हजार रेणू असतात. गाभ्याभोवती फॉस्फोलिपिडांचा एकपदरी थर असतो आणि त्या सगळ्याला ४,५३६ अमिनो आम्लांचे एपोबी-१०० हे एकच अवाढव्य प्रथिन वेढून असते. एचडीएलचा कण याहून बराच लहान, साधारण ७ ते १२ नॅनोमीटरचा असतो आणि त्याचे मुख्य प्रथिन एपोए-१ हे अवघ्या २४३ अमिनो आम्लांचे असते. मोठ्या आणि लहान प्रथिनातला हा फरक पुढे निर्णायक ठरतो.

एलडीएल पेशीत कसे शिरते, हे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी डॅलस येथे १९७०च्या दशकात उलगडले आणि त्यासाठी त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीच्या पृष्ठभागावरचा एलडीएल रिसेप्टर एपोबी-१०० ला पकडतो, तो भाग आत खेचला जातो, कण लायसोसोममध्ये म्हणजे पेशीच्या पचनकोशात पोहोचतो, तिथे त्याचे विघटन होऊन कोलेस्टेरॉल मोकळे होते आणि रिसेप्टर काही मिनिटांत पुन्हा पृष्ठभागावर हजर होतो. वेगाने विभागणाऱ्या पेशीला नवीन आवरणासाठी कोलेस्टेरॉल लागते. त्यामुळे अशा पेशी रिसेप्टरची संख्या वाढवतील, हा तर्क ओघानेच येतो. त्याच प्रयोगशाळेच्या सहभागाने १९७८ मध्ये तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या रक्तपेशी तपासल्या गेल्या, तेव्हा बहुतेकांत रिसेप्टरची क्रिया निरोगी पांढऱ्या पेशींपेक्षा जास्त आढळली. स्वीडनमध्ये सिगुर्ड विटोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये पुढचा दुवा जोडला: ल्युकेमियाच्या काही रुग्णांचे रक्तातले कोलेस्टेरॉल कमी होण्यामागे त्यांच्या कर्करोगपेशी एलडीएल ओढून घेतात, हे कारण असू शकते. आजारात कोलेस्टेरॉल 'सुधारलेले' पाहून समाधान मानणाऱ्या नातेवाइकांना मी हे नेहमी सांगतो.

घट्ट गाठींच्या कर्करोगांत चित्र इतके एकसारखे नाही. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमात ईजीएफआर या जनुकातल्या बदलामुळे एलडीएल रिसेप्टर वाढतो, हे चांगल्या प्रकारे दाखवले गेले आहे. प्रोस्टेटच्या आक्रमक कर्करोगात पीटेन हे जनुक निकामी झाल्यावर पेशीत कोलेस्टेरिल एस्टर साठू लागते आणि ते मुख्यतः बाहेरच्या लिपोप्रोटीनांतून आलेले असते. स्तनाच्या, अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगांतही एलडीएल जास्त शोषले जात असल्याच्या नोंदी आहेत. पण एकाच अवयवाच्या दोन रुग्णांच्या गाठींत रिसेप्टरचे प्रमाण खूप वेगळे असू शकते. त्यामुळे 'स्तनाच्या कर्करोगात हे चालते' असे सरसकट विधान मी करणार नाही. आधी गाठीचा नमुना तपासावा लागेल.

कणात औषध भरणे जमते का? जमते, आणि फार पूर्वीच जमले. मॉन्टी क्रीगर यांनी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्याबरोबर काम करताना १९७०च्या दशकाच्या अखेरीस एलडीएल गोठवून-सुकवून, त्याच्या गाभ्यातले मूळ एस्टर हेप्टेनने धुऊन काढून, तिथे दुसरे तेलकट रेणू बसवून दाखवले आणि असा कण रिसेप्टरला ओळखता येतो हेही सिद्ध केले. गाभ्याखेरीज औषध बाहेरच्या फॉस्फोलिपिडांच्या थरात अडकवता येते किंवा प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडता येते. प्रथिनाला जोडणे मला सर्वांत कमी पसंत आहे, कारण एपोबीच्या ज्या लायसिन या अमिनो आम्लांना औषध जोडायचे त्यांतली काही रिसेप्टरला धरण्याच्या कामाची असतात. औषध जोडताना ती झाकली गेली तर कण रिसेप्टरकडे जाण्याऐवजी मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या सफाई-रिसेप्टरकडे वळतो, आणि हृदयाच्या डॉक्टरांना नेमके तेच नको असते.

थरात अडकवलेल्या औषधाची अडचण वेगळी असते. रक्तातले लिपोप्रोटीन कण एकमेकांशी सतत देवाणघेवाण करतात. सीईटीपी हे प्रथिन तर एचडीएल आणि इतर कणांमध्ये कोलेस्टेरिल एस्टर आणि ट्रायग्लिसराइड यांची अदलाबदल घडवण्याचेच काम करते. पॅक्लिटॅक्सेल आपल्याला तेलकट वाटते, तरी गाभ्यात घट्ट बसून राहण्याइतके तेलकट ते नाही. थरात ठेवलेले पॅक्लिटॅक्सेल बऱ्याच प्रमाणात अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावर आणि इतर कणांवर जाऊन बसते. मग प्रयोगशाळेतल्या ताटलीत सुंदर दिसलेला परिणाम उंदरात विरून जातो. यावरचा उपाय म्हणजे औषधालाच मेदाम्लाची शेपटी लावणे. पॅक्लिटॅक्सेलला ओलेइक आम्ल जोडून पॅक्लिटॅक्सेल ओलिएट बनवले की ते गाभ्यात टिकते. पण मग पेशीत शिरल्यावर ती शेपटी योग्य वेळी तुटली पाहिजे, शिवाय मूळ औषध लायसोसोमच्या आम्लात आणि विकरांत (एन्झाइमांत) टिकले पाहिजे. भरण्याची सोय आणि सुटण्याची सोय बहुधा परस्परांच्या विरोधात जातात, आणि या क्षेत्रातल्या बहुतेक संयुगांचे भवितव्य त्यावरच ठरले आहे.

आता प्रमाणाकडे वळू. हा हिशेब फारसा कुणी मांडत नाही, म्हणून तो इथे करून दाखवतो. पॅक्लिटॅक्सेलची एक नेहमीची मात्रा दर चौरस मीटर शरीरपृष्ठाला १७५ मिलिग्रॅम असते, १.६ चौरस मीटरच्या स्त्रीसाठी ती २८० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३२८ मायक्रोमोल होते (मायक्रोमोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक आहे). एलडीएलच्या प्रत्येक कणात औषधाचे १०० रेणू बसले असे धरू. मग ३.३ मायक्रोमोल इतके कण लागतील. मध्यम कोलेस्टेरॉल असलेल्या माणसाच्या रक्तद्रवात एलडीएलचे कण लिटरमागे साधारण २ मायक्रोमोल असतात. म्हणजे काहीही वाया गेले नाही असे मानले, तरी एका वेळच्या औषधासाठी दीड लिटरहून जास्त रक्तद्रव, म्हणजेच सात-आठ रक्तदात्यांचे दान लागेल, आणि असे दर तीन आठवड्यांनी. शिवाय रुग्णाच्या शरीरात तिचे स्वतःचे सुमारे ६ मायक्रोमोल एलडीएल फिरत असते आणि ते त्याच रिसेप्टरसाठी स्पर्धा करते. शरीरातल्या पेशींची गरज भागवायला रक्तात २५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर एलडीएल कोलेस्टेरॉल पुरेसे असावे, असा ब्राउन आणि गोल्डस्टीन यांचा अंदाज होता. आपल्याकडच्या प्रौढांत ते याच्या कितीतरी पट असते, म्हणजे हे रिसेप्टर आधीच बरेचसे व्यापलेले असतात.

यात भर म्हणजे एपोबी-१०० हे प्रथिन मेदापासून वेगळे केले की पाण्यात विरघळत नाही आणि पुन्हा नीट घडत नाही. म्हणून एलडीएल सुट्या भागांतून जुळवता येत नाही. ते दात्याच्या रक्तातूनच, अख्खे, ऑक्सिडेशन न होऊ देता, संसर्गाच्या चाचण्या करून घ्यावे लागते आणि प्रत्येक दात्याचे एलडीएल थोडे वेगळे असते. कारखान्यात औषध बनवणाऱ्या कोणालाही हे वाचून घाम फुटेल. नैसर्गिक एलडीएलवर आधारलेले कर्करोगाचे औषध नेहमीच्या वापरात येईल असे मला वाटत नाही, त्याचे हे मुख्य कारण आहे.

साओ पाउलो येथील राउल मारान्याओ यांनी ही अडचण ओळखून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळा मार्ग धरला. त्यांनी कोलेस्टेरिल एस्टर आणि फॉस्फोलिपिड यांचे एलडीएलसारखे पण प्रथिनविरहित सूक्ष्म कण बनवले. असा कण शिरेतून रक्तात गेला की तो रक्तातले एपोई हे प्रथिन स्वतःवर ओढून घेतो, आणि एपोई तर एलडीएल रिसेप्टरला एपोबीपेक्षाही घट्ट धरते. म्हणजे अवघड प्रथिन बाहेर बनवायची गरजच उरत नाही. ते रुग्णाचे शरीर पुरवते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांत हे कण रक्तातून जास्त वेगाने नाहीसे होताना दिसले. पुढे कार्मुस्टिन, इटोपोसाइड आणि पॅक्लिटॅक्सेल ओलिएट यांच्याबरोबर रुग्णांत छोटे अभ्यास झाले आणि नेहमीच्या औषधाच्या तुलनेत विषारीपणा ठळकपणे कमी आढळला. हे मोलाचे काम आहे. मात्र ते अभ्यास लहान होते, आणि आयुष्य वाढते का हे ठरवणाऱ्या मोठ्या तुलनात्मक चाचणीची जागा ते घेऊ शकत नाहीत.

इथे यकृताचा प्रश्न समोर येतो. रक्तातले बहुतांश एलडीएल यकृतच काढून घेते, कारण शरीरातले बहुतेक एलडीएल रिसेप्टर तिथे असतात. रिसेप्टर हा कर्करोगपेशीचा खास गुणधर्म नाही. ती यकृताची रोजची गरज आहे, आणि त्याखालोखाल अधिवृक्क ग्रंथी व अंडाशय यांसारख्या संप्रेरके बनवणाऱ्या अवयवांची. याचा सर्वांत चांगला पुरावा कर्करोगाबाहेरच्या एका औषधातून मिळतो. २०१८ मध्ये मान्यता मिळालेले पॅटिसिरान हे औषध एका आनुवंशिक अमायलॉइड आजारासाठी आहे. त्यात आरएनएचा छोटा तुकडा मेदकणात भरलेला असतो. हा कण रक्तात गेल्यावर एपोई ओढून घेतो आणि एलडीएल रिसेप्टरमार्गे यकृतपेशीत शिरतो. उंदरांत एपोई नसेल तर हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे नैसर्गिक मेदवाहकाचा मार्ग माणसात उत्तम चालतो, पण तो यकृतात जाण्यासाठी चालतो. पॅटिसिरानला तिथेच जायचे होते म्हणून ते यशस्वी झाले. स्तनातल्या किंवा फुप्फुसातल्या गाठीसाठी हीच गोष्ट उलटी पडते.

म्हणून एलडीएलच्या वाटेसाठी योग्य कर्करोग निवडायचा झाला तर मी यकृताचाच निवडेन. डॅलसमध्येच, ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या विद्यापीठात, इयान कॉर्बिन यांच्या गटाने एलडीएलच्या गाभ्यात डीएचए हे माशाच्या तेलातले मेदाम्ल भरले आणि यकृताचा कर्करोग असलेल्या मोठ्या उंदरांना (रॅट) यकृताच्या धमनीतून ते दिले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात गाठींची वाढ बरीच रोखली गेली, तर आजूबाजूचे निरोगी यकृत तगले. निरोगी पेशी डीएचएच्या ऑक्सिडेशनला तोंड देऊ शकतात आणि कर्करोगपेशींना ते जमत नाही, या फरकावर हा प्रयोग उभा आहे. इथे निवड रिसेप्टरने केलेली नाही, भरलेल्या पदार्थाने केलेली आहे. मला त्यातली ही बाजू जास्त आशादायक वाटते. मात्र यावरून माशाच्या तेलाच्या गोळ्या खाऊन कर्करोग बरा होईल असा अर्थ कृपया काढू नये. तोंडाने घेतलेले तेल पचून वेगळ्याच कणांतून शरीरभर विखुरते.

आता एचडीएल. एलडीएलपेक्षा मी याच्या बाजूने आहे, आणि त्यामागे दोन कारणे आहेत.

पहिले कारण पेशीत शिरण्याच्या रीतीचे. एचडीएलचा रिसेप्टर, एसआर-बी१, क्रीगर यांच्याच एमआयटीतल्या प्रयोगशाळेने १९९६ मध्ये ओळखला. हा रिसेप्टर अख्खा कण गिळत नाही. कण बाहेरच राहतो आणि गाभ्यातला तेलकट माल तेवढा पेशीत उतरवून घेतला जातो. त्यामुळे औषध लायसोसोमच्या आम्लात न पडता पेशीच्या आत पोहोचू शकते. आरएनएसारख्या नाजूक औषधांसाठी ही जमेची बाजू आहे. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे आंद्रास लॅको यांच्या गटाने एचडीएलसारखे कण जुळवून त्यांत पॅक्लिटॅक्सेल भरण्याचे काम दोन दशकांपूर्वी केले, आणि २०११ मध्ये टेक्सासमधल्याच एमडी अँडरसन या कर्करोग केंद्राच्या संशोधकांनी अशाच कणांतून स्टॅट३ या जनुकाला दाबणारा आरएनए उंदरांतल्या अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या गाठींपर्यंत नेला.

दुसरे कारण कारखान्याचे. एपोए-१ हे लहान प्रथिन मेदापासून सुटे करता येते, शुद्ध करता येते, साठवता येते आणि फॉस्फोलिपिडांबरोबर मिसळले की ते आपोआप चकतीसारखे कण बनवते. रक्तद्रवाचे थंड इथेनॉलने विभाजन करताना मिळणाऱ्या गाळातून ते काढता येते, जीवाणूंकडून बनवून घेता येते, किंवा त्याच्या जागी लहान पेप्टाइड वापरता येते. मघाचाच हिशेब पुन्हा करू. हृदयविकाराच्या झटक्यानंतर देण्यासाठी सीएसएल-११२ नावाचे एपोए-१चे औषध आठवड्याला ६ ग्रॅम, असे चार वेळा, एका मोठ्या चाचणीत दिले गेले. सहा ग्रॅम एपोए-१ म्हणजे सुमारे २१४ मायक्रोमोल. एका चकतीत दोन रेणू असतात, म्हणून १०७ मायक्रोमोल कण. पॅक्लिटॅक्सेलची पूर्ण मात्रा त्यांत भरायला प्रत्येक कणात औषधाचे अवघे तीन रेणू पुरतात. एलडीएलमध्ये शंभर रेणू भरूनही पुरवठ्याची मारामार होती. इथे तीन रेणूंवर काम भागते, आणि इतके प्रथिन बनवून दाखवलेलेही आहे.

त्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला. १८,००० हून अधिक रुग्णांत पहिल्या ९० दिवसांतल्या हृदयविकाराच्या घटना लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या नाहीत, म्हणून हृदयरोगाच्या दृष्टीने ते अपयश ठरले. पण औषधवाहकाच्या दृष्टीने पाहिले, तर ग्रॅमच्या प्रमाणात जुळवलेले एचडीएल हजारो आजारी माणसांच्या शिरेतून देता येते, याचा एवढा मोठा पुरावा दुसरीकडे नाही. जुन्या सीएसएल-१११ या रूपात मोठ्या मात्रेला यकृताची विकरे वाढली होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. औषध भरलेल्या कणाबाबत यकृताच्या तपासण्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

एचडीएलच्या मर्यादा मी लपवणार नाही. एसआर-बी१ हाही यकृतात आणि अधिवृक्क ग्रंथीत भरपूर असतो, म्हणून यकृताची मक्तेदारी इथेही पूर्णपणे सुटत नाही. चकतीसारख्या कणाला तेलकट गाभा नसतो. औषध थरात बसते आणि गळतीचा प्रश्न परत येतो. गाठीत पोहोचण्याचा प्रश्न तर सगळ्याच सूक्ष्म कणांना सारखा आहे: वॉरन चॅन यांच्या टोरांटोतल्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतले प्रसिद्ध प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण केवळ ०.७ टक्के निघाले. दहा नॅनोमीटरचा एचडीएल कण शंभर नॅनोमीटरच्या कणापेक्षा गाठीच्या दाट ऊतीत खोल झिरपू शकतो, हा त्याचा फायदा आहे. पण 'थेट कर्करोगाच्या पेशीत' या शब्दांनी जे चित्र डोळ्यासमोर येते, त्यापासून आपण फार दूर आहोत.

या कणांचा एक वेगळाच उपयोगही पुढे आला आहे. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात शॅड थॅक्स्टन आणि लिओ गॉर्डन यांनी सोन्याच्या सूक्ष्म गाभ्याभोवती एचडीएलचे आवरण चढवले. या कणात औषध नाहीच. लिम्फोमाच्या पेशी तो एसआर-बी१वर घेतात, पण त्यातून त्यांना कोलेस्टेरॉल मिळत नाही, आणि उंदरांत अशा गाठींची वाढ मंदावली. कर्करोगपेशीची भूक हा तिच्यात औषध घालण्याचा मार्ग मानावा, की ती भूकच मारावी, हा त्यांनी उभा केलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. मिशिगनमध्ये एपोए-१ची नक्कल करणाऱ्या पेप्टाइडच्या चकत्यांवर लसीचे घटक बसवण्याचे काम झाले आहे. तो विषय वेगळा आहे.

तुमच्या आईच्या दृष्टीने यातले काय हाती लागते? लिपोप्रोटीन नव्हे, पण रक्तात मेदाम्ले वाहून नेणारे अल्ब्युमिन हे प्रथिन पॅक्लिटॅक्सेलचे वाहक म्हणून आज वापरात आहे. अल्ब्युमिनशी बांधलेल्या पॅक्लिटॅक्सेलला अमेरिकेत २००५ मध्ये पसरलेल्या स्तनकर्करोगासाठी मान्यता मिळाली आणि भारतातही ते मिळते. त्यात क्रेमोफोर नाही, म्हणून ॲलर्जीची भीती कमी आहे आणि औषध अर्ध्या तासात देता येते. मूळ चाचणीत गाठ आटोक्यात येण्याचे प्रमाण नेहमीच्या पॅक्लिटॅक्सेलच्या १९ टक्क्यांच्या तुलनेत ३३ टक्के होते. पण त्याच चाचणीत हातापायांच्या नसांचा तीव्र त्रास २ टक्क्यांऐवजी १० टक्के रुग्णांना झाला, कारण मात्रा जास्त दिली होती. वाहक बदलला की दुष्परिणामांचे स्वरूप बदलते. ते टळतात असे कोणी सांगितले तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आईला मधुमेह असेल किंवा आताच बोटांना मुंग्या येत असतील, तर हा पर्याय विचारण्याआधी ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मेदयुक्त औषधरूपे भारताला नवी नाहीत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने लिपोसोममधल्या, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेल्या, अम्फोटेरिसिन बी या बुरशीविरोधी औषधावर काम केले. २०१२ मध्ये अमेरिकेत लिपोसोममधल्या डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा सन फार्माचे लिपोडॉक्स तात्पुरते आयात करायला तिथल्या औषध नियामकाने परवानगी दिली होती. म्हणजे एचडीएलसारखे कण बनवण्याची तांत्रिक क्षमता इथे उभी राहू शकते. तशी चाचणी भारतात सुरू झाली तर ती आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत दिसेल, कारण २००९ पासून चाचणीची नोंद तिथे करणे बंधनकारक आहे. तिथे नोंद नसताना कोणी 'एलडीएल नॅनो उपचार' म्हणून पैसे मागत असेल, तर त्याच्यापासून दूर राहा.

आता स्टॅटिन. स्टॅटिनमुळे मुख्यतः यकृतातले एलडीएल रिसेप्टर वाढतात आणि रक्तातले एलडीएल घटते. तुमच्या आईला मिळणारे पॅक्लिटॅक्सेल गाठीपर्यंत पोहोचण्यासाठी एलडीएलवर विसंबून नाही, त्यामुळे गोळी बंद करून औषधाचा परिणाम वाढेल या समजुतीला आधार नाही; हृदयासाठीची गरज मात्र खरी आहे. त्याच कारणाने केमोथेरपीच्या काळात 'औषध नीट पोहोचावे म्हणून' तूप किंवा तेल वाढवण्यातही अर्थ नाही. वजन आणि भूक टिकवण्यासाठी आहारतज्ज्ञांनी सांगितले असेल तर ती गोष्ट निराळी. स्टॅटिनबद्दल डॉक्टरांशी बोलायचे ते दुसऱ्या कारणासाठी. कर्करोगाची काही औषधे आणि काही स्टॅटिन यकृतातल्या त्याच विकरांवर अवलंबून असतात. उदाहरणार्थ, इमॅटिनिबबरोबर सिम्वास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण बरेच वाढते आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका निर्माण होतो. आई कोणते स्टॅटिन, किती मिलिग्रॅम घेते आणि कधीपासून, हे कागदावर लिहून पुढच्या भेटीत कर्करोगतज्ज्ञांना दाखवा, आणि यकृताच्या तपासण्यांबरोबर लिपिड प्रोफाइलही पाहायला सांगा. औषध न बदलता कोलेस्टेरॉल एकाएकी खूप खाली गेलेले दिसले, तर ते डॉक्टरांच्या नजरेस आणून द्या. त्यामागे बहुधा कमी खाणे, यकृतावरचा ताण किंवा संसर्ग असतो, आणि त्या तिन्हींकडे केमोथेरपी सुरू असताना लगेच पाहावे लागते.